एकाचा सात

दसरा होऊन चार दिवस झाले होते. अण्णांना डेंग्यू झालेला, डॉक्टरांनी अंथरूण सोडायचं नाही म्हणून बजावलेलं. माझं सेमिस्टर सुरू व्हायला अजून आठवडा होता, म्हणून लातूरच्या मार्केट यार्डातल्या आमच्या आडतीवर मी बसले. जर्मनीत मास्टर्स करणारी पोरगी गल्ल्यावर बसलीय, याचं हमालांनाच जास्त कौतुक.

२०२५ च्या सप्टेंबरच्या पुरानं सोयाबीन उभ्यानं भिजलं होतं. मूठभर दाणे हातात घेतले की गार लागायचे. यार्डात ओलाव्याला हवा म्हणतात. मशीन अठरा-एकोणीस हवा दाखवत होतं. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, पण तो बारा टक्क्यांच्या आतल्या मालाला, आणि सरकारी काटे अजून उघडलेच नव्हते. आमच्याकडं त्या दिवशी असा माल ३,६०० नं गेला.

सकाळी औशाकडचे एक मामा टेम्पो घेऊन आले. नऊ क्विंटल. टेम्पोवाल्याला भाडं द्यायचं म्हणून त्यांनी १,५०० उचल मागितली. मी दिली, कच्च्या वहीत लिहिली. दुपारी मुनीमकाकांनी पट्टी केली, म्हणजे उचल वजा करून हिशोबाची चिठ्ठी, मामा पैसे घेऊन गेले.

संध्याकाळी मी गल्ला मोजला तर सहा हजार जास्त.

'जास्तच आहेत ना? राहू दे,' मुनीमकाका म्हणाले. 'ज्याचे असतील तो येतो बोंबलत.'

जर्मनीत, माग्डेबुर्गला, मी शनिवारी एका बेकरीत काम करते. व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवावा लागतो, त्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो मिळतात, पण ते पैसे अण्णांनी कसे उभे केले हे ठाऊक असल्यावर हात आखडतो. तिथल्या दुसऱ्याच आठवड्यात माझ्या गल्ल्यात वीस युरो कमी भरले. मी अर्धा तास पुन्हा पुन्हा मोजत बसले, मग रडवेली होऊन मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी रोजच्या कागदावरच्या एका रकान्यात 'वजा २०' लिहिलं आणि फरशी पुसायला घेतली. चुकीसाठी छापील रकाना! आमच्या लाल वहीत जमा आहे, नावे आहे, चुकीला जागाच नाही. तिथं शिकलेल्या सगळ्या थर्मोडायनॅमिक्सपेक्षा तो रकाना मला जास्त आठवतो.

तर त्या सवयीनं मी कच्ची वही आणि दिवसभराच्या पट्ट्या एकेक करून लावल्या. मामांच्या पट्टीत उचल होती ७,५००.

वही उघडली आणि अंगाला घाम फुटला. चूक मुनीमकाकांची नव्हतीच. जर्मन लोक इंग्रजी एक लिहिताना त्याच्या डोक्यावरून तिरकी लांब रेघ ओढतात, तंबूसारखी. म्हणून त्यांच्या सातला पोटात आडवी रेघ लागते. वर्षभरात माझा एक कधी बदलला, मला कळलंच नाही. (त्यांचे आकडे बोलायला मात्र मला कधी जड गेले नाहीत. पंचवीस म्हणजे आधी पाच, मग वीस. ते अगदी आपल्यासारखंच म्हणतात.) मुनीमकाकांनी जे दिसलं ते वाचलं होतं.

स्कूटी काढली. पुरानं रस्ता जागोजागी खचलेला, पोचायला साडेआठ वाजले. मामा अंगणात ताडपत्रीवर उरलेलं सोयाबीन उलथत होते. मी एका दमात सगळं सांगितलं, माझा एक, काकांचा सात, आणि सहा हजार पुढे केले.

मामांनी नोटा दोनदा मोजल्या. 'मला वाटलं, व्याज धरलं असंल.'

'दीड हजारावर एका दिवसाचं व्याज?'

'आता अण्णा नव्हते. लेकराशी कुठं वाद घालावा?'

चहा येईल, पाठीवर हात फिरेल, असं काहीतरी माझ्या मनात होतं, खोटं कशाला बोलू. मामी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'माय, मग मागल्या सालचं बी एकदा बघ की. तवा बी लई कमी आले होते.'

मामा त्यांच्यावर खेकसले. पण मी काय म्हणते ते ऐकायला तेही थांबलेच.

'बघते' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? परत येताना राग आला होता, आधी मामींचा, मग स्वतःचा. औशापर्यंत मनातल्या मनात मी अण्णांचीच बाजू मांडत होते. नंतर ध्यानात आलं, मामींनी अण्णांचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

घरी अण्णा जागे होते. झालेलं सांगितलं. मामींचं वाक्य गाळणार होते, पण तेही सांगितलं. ते बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले.

'मागच्या वर्षीच्या वह्या कुठं आहेत?' मी विचारलं.

'माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत.' मग कूस बदलत म्हणाले, 'शिडी बघून चढ. तिसरी पायरी हलते.'