पहिल्याने कोणी केलं, आणि लोक काय म्हणाले?

मुख्याध्यापकांचं पत्र आलं तेव्हा मी रोपवाटिकेत होतो. हात चिकाने भरलेले, म्हणून मुलीनेच पाकीट फोडून वाचून दाखवलं: सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघते आहे, माजी विद्यार्थी म्हणून दोन पानं लिहून द्या. शाळेबद्दल लिहायचं तर विहीर, जांभ्याच्या पायऱ्या, पावसात कौलांच्या आवाजावर आवाज चढवून म्हटलेली प्रार्थना, हे सगळं यायला हवं. ते बाकीचे लिहितीलच. मी लिहायला बसलो की मला एकच व्यक्ती दिसते. आपल्या शाळेत बाई पुष्कळ होऊन गेल्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की आमच्या १९८८ च्या दहावीच्या बॅचला मराठीच्याच बाई कळतात.

नववीत बाईंनी केशवसुतांची ‘तुतारी’ ही कविता शिकवायला घेतली, ती पुस्तक न उघडता. आदल्या शनिवारी त्यांनी आम्हाला घरचा अभ्यास दिला होता. आपल्या वाडीत एखादी गोष्ट पहिल्याने कोणी केली, आणि तेव्हा लोक काय म्हणाले, हे घरी विचारून यायचं. बस्स, दोनच प्रश्न. सोमवारी वर्गात काय काय आलं! खाडीत पहिली इंजिनाची होडी आली तेव्हा म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं, या आवाजाने मासळी खाडी सोडून जाईल. एसटीने एकटीच रत्नागिरीला कॉलेजात जाणाऱ्या पहिल्या मुलीच्या आईला विहिरीवर कोणी बोलत नव्हतं. एका मैत्रिणीने स्वतःच्या मावशीबद्दल लिहिलं होतं, जिने नवरा वारल्यावर कुंकू पुसलं नाही. ती वही बाईंनी मोठ्याने वाचली नाही. मिटून टेबलाच्या खणात ठेवली आणि सुटीत तिला एकटीला बोलावून परत दिली.

मग त्यांनी फळ्यावर एक साल लिहिलं, १८९३. डावीकडे ‘मालगुंड’, उजवीकडे ‘मुरूड’. दोन्ही गावं आपल्याच जिल्ह्यातली. मालगुंडच्या कृष्णाजी केशव दामल्यांनी, म्हणजेच केशवसुतांनी, त्या वर्षी ‘तुतारी’ लिहिली. दापोलीजवळच्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पुण्यात एका विधवेशी लग्न केलं, आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. “दोघेही मास्तर,” बाई म्हणाल्या. “एकाने लिहिलं, एकाने केलं. आता कविता वाचू.” मालगुंड शाळेपासून तासाभराच्या वाटेवर. तिथे १९९४ मध्ये झालेलं केशवसुत स्मारक तेव्हा नव्हतं. मालगुंड आमच्यासाठी फक्त वाटेवरचं गाव होतं. त्या दिवसानंतर तिथून जाताना आम्ही मुलं आपोआप हळू चालायचो.

‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही १८८८ ची कविता आम्हाला अभ्यासाला नव्हती, तरी बाईंनी वाचून दाखवली. अंत्यज म्हणजे अस्पृश्य मानलेला. वाचून झाल्यावर वर्गात कोणी हललं नाही. आमच्या वर्गात कोण कुठल्या वाडीतून येतं आणि कोण कुणाच्या घरी पाणी पितं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी त्यावर भाषण केलं नाही. एवढंच म्हणाल्या, “कवीने याला पहिला प्रश्न म्हटलंय. मग दुसरा कोणता असेल? लिहा.” बेचाळीस मुलांनी लिहिलं. माझ्या पुढच्या बाकावरच्या मित्राने लिहिलेला प्रश्न मी चोरून वाचला होता: ‘तू आधी का नाही सांगितलंस?’ तो आज मोठ्या हुद्द्यावर आहे. अजूनही भेटला की आम्हा दोघांनाही ते वाक्य आठवतं. बोलत मात्र कोणीच नाही.

आता माझी गोष्ट. घरच्या अभ्यासात मी बाबांबद्दल लिहिलं होतं. आजोबा पूर्वापार भेटकलमं करायचे. रायवळ, म्हणजे गावठी, आंब्याचं रोप मडक्यात वाढवायचं, हापूसच्या झाडाला माची बांधून मडकं फांदीपर्यंत उंच चढवायचं, दोघांची साल तासून एकमेकांना बांधायचं आणि दोन-तीन महिने राखण करायची. एका झाडाला अशी किती मडकी टेकवणार? बाबा दापोलीच्या कृषी विद्यापीठात जाऊन कोयकलम शिकून आले. जेमतेम दोन आठवड्यांचं रोप, अजून पानं तांबूस, खाली कोय तशीच चिकटलेली. ते वितीएवढंही न ठेवता कापायचं, मधोमध चिरायचं आणि हापूसची पाचर तासलेली काडी त्यात बसवून प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची. झालं कलम. आजोबा म्हणाले, “ह्यो पोरखेल हाय.” वाडीही तेच म्हणाली. त्या पावसाळ्यात आमच्या घरात बापलेक एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. मी वहीत हे सगळं लिहिलं आणि लाजून शेवटचं वाक्य खोडलं. खोडलेलं बाईंनी वाचलं.

“उद्या सामान घेऊन ये. वर्गात करून दाखव.”

दुसऱ्या दिवशी मी तीन रोपं, केळीच्या सोपटात गुंडाळलेल्या काड्या आणि बाबांचा चाकू घेऊन गेलो. बाईंच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. पहिलं कलम भरलं आणि लक्षात आलं, प्लास्टिकच्या पट्ट्या घरी राहिल्या. हात थरथरायला लागले. मागून कोणीतरी हसलं. बाईंनी काही न बोलता आपल्या कवितांच्या पुस्तकावरचं जाड प्लास्टिकचं कव्हर काढलं, कात्रीने त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि एकेक माझ्या हातात देत गेल्या. कव्हर निघाल्यावर ते पुस्तक किती जीर्ण आहे ते मला दिसलं. कडा पिवळ्या, पाठीला खळ लावून चिकटवलेली. मी खालून वर गुंडाळत गेलो, बाई वरून बोट दाबून धरत होत्या. त्यांच्या बोटाला चीक लागला, तो पुढचे कितीतरी दिवस काळ्या डागासारखा दिसत होता.

तिन्ही कलमं झाल्यावर बाईंनी फळ्यावर ओळ लिहिली, ‘जुने जाऊ द्या मरणालागुनि’, आणि वर्गाला विचारलं, “या कलमात जुनं कुठलं आणि नवं कुठलं?” मग जे भांडण पेटलं ते तास संपला तरी थांबेना. एकजण म्हणाला, मूळ रायवळाचं, म्हणजे जुनं, ते पुरलं तरच कलम जगणार. दुसरी म्हणाली, पण कवी तर जाळा नाही तर पुरा म्हणतोय! तिसऱ्याने सांगितलं, हापूस तरी कुठे नवा, नवी फक्त पद्धत. मी म्हटलं, आजोबांना ती पद्धतही नको आहे. बाईंनी निकाल दिला नाही. “कवीशी भांडा,” म्हणाल्या. “पण आधी त्याची पुढची ओळ वाचा.” पुढे ‘सडत न एक्या ठायी ठाका’ असं आहे. माझी समजूत अशी की आजोबांवरचा माझा राग त्या ओळीपाशी निवळला. ते सडत ठाकलेले नव्हते. त्यांच्या हातची कलमं लागत होती, म्हणून त्यांचा त्या हातांवर विश्वास होता, इतकंच.

त्याच आठवड्यात बाईंनी सुनीत समजावून सांगितलं. चौदा ओळींचा बांधा इंग्रजीतला, केशवसुतांनी तो १८९२ मध्ये मराठीत आणला. बाईंनी फळ्यावर ओळी मांडल्या नाहीत. खिडकीतल्या कलमांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “काडी तिकडची, कोय इकडची.” परीक्षेत सुनीतावर टीप आली तेव्हा मी हेच लिहिलं आणि त्याला पूर्ण गुण मिळाले.

तीनपैकी दोन कलमं पंधरा दिवसांत करपली. माझं तोंड उतरलेलं पाहून बाईंनी सांगितलं, की केशवसुत १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले. चाळिशीही गाठली नव्हती. त्यांच्या कवितांचं पुस्तक हरिभाऊ आपट्यांनी काढलं ते १९१७ मध्ये. “त्यांना ते बघायलाही मिळालं नाही. तुझं एक तरी जगलंय,” म्हणाल्या. ते एक आम्ही विहिरीमागच्या कोपऱ्यात लावलं. नंतरच्या कितीतरी बॅचनी त्याचे आंबे खाल्ले असतील.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९९० मध्ये सरकारने रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आणली आणि कलमांना अशी मागणी आली की भेटकलमांनी ती पुरीच झाली नसती. आजोबा स्वतः शेडमध्ये येऊन बसले आणि रोपं निवडून द्यायला लागले. आज माझ्याकडे हापूस, केसर, रत्ना मिळून वर्षाला काही हजार कलमं होतात. नवीन काहीही आलं की मी बाईंचे दोन प्रश्न विचारतो, आणि त्याला माझा एक जोडतो: यात भलं कोणाचं? घन लागवड, म्हणजे झाडं जवळजवळ लावणं, मी केली, पटली. झाडाने लवकर मोहरावं म्हणून मुळाशी औषध ओततात, त्याचं मोजमाप कराराने बागा घेणारे पाळत नाहीत. तिथे मी बागमालकांना स्पष्ट बोलतो. काहीजण त्यामुळे माझ्याकडे येईनासे झाले. चालेल.

मध्यंतरी दुसऱ्याच एका गावच्या शाळेत मला मार्गदर्शनाला बोलावलं होतं. नववीचा वर्ग, अकरा मुलं. ‘तुतारी’ येते का विचारलं, तर एकाने मार्गदर्शक पुस्तकातलं रसग्रहण घडाघडा म्हणून दाखवलं: कवी बंडखोर आहे, भाषा ओजस्वी आहे. मी विचारलं, तुमच्या वाडीत असं कोण आहे? तो शिक्षिकेकडे पाहायला लागला. मुलगा हुशार होता. त्याला हे कधी कोणी विचारलंच नव्हतं. परतीच्या वाटेवर मला फार वाईट वाटलं. पिवळ्या गाड्या इंग्रजी माध्यमाची मुलं भरून समोरून येत होत्या, त्यांच्यात माझ्या भावाची नातही होती.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात विहिरीमागचं झाड मुळासकट आडवं झालं. कळलं तसा मी धावलो. पानं सुकायच्या आत काड्या काढल्या आणि आदल्या वर्षीच्या रायवळ रोपांवर मृदुकाष्ठ कलमं, म्हणजे कोवळ्या शेंड्यावरची, बांधली. वीस बांधली, सात लागली. बाईंना फोन केला. आवाज खोल गेला होता, पण विचारलं तेच: “बाकीची तेरा का गेली, ते वहीत लिहून ठेवलंस का?” नव्हतं लिहिलं. त्या रात्री लिहिलं. गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. त्यांना ती वही दाखवायची राहिली.

सातांपैकी एक शाळेचं आहे. समारंभ जानेवारीत, तेव्हा आणत नाही, भर उन्हाळा सोसायचा नाही त्याला. मृगाचा पाऊस पडला की घेऊन येतो. जुन्याच कोपऱ्यात, मीटरभर लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा मे महिन्यात खणून ठेवावा, ही शाळेला विनंती. खाली कातळ लागेल. लागला तर निरोप द्या, पहार घेऊन मीच येईन. आणि त्या दिवशी नववीचा मराठीचा तास मला मिळाला, तर दोन प्रश्न विचारायचे आहेत.