राजेगाव राहिलं

दरवर्षी 6 जानेवारीला, पत्रकार दिनाला, शाळेतून फोन येतो. भाषण 1832 च्या ‘दर्पण’पासून आणि बाळशास्त्री जांभेकरांपासून सुरू होतं आणि आमच्यावर येऊन थांबतं. एकाच वर्गातले दोघे वर्तमानपत्रात, एक टीव्हीवर, मी आकाशवाणीत. मग प्रश्न ठरलेला: “शाळेनं तुम्हाला असं काय दिलं?” आणि कार्यक्रम संपल्यावर, चहाच्या वेळी, हळूच दुसरा: “किल्लारीच्या भूकंपाच्या बातम्या वाचताना तुम्हाला काहीच वाटलं नाही का?” तुम्ही दोन्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते.

शाळेनं आवाज दिला नाही. आवाज आईचा आहे. आमची शाळा उमरगा तालुक्यातली. वर्तमानपत्र एसटीनं दुपारी यायचं, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेला वाचायला शिळं. म्हणून बाई सांगायच्या, घरी पुणे केंद्राच्या सात पाचच्या बातम्या ऐका, पाच बातम्या वहीत लिहा आणि वार्ताफलकापाशी उभं राहून वाचा. उच्चाराची चूक त्या चालवून घ्यायच्या. गावाचं नाव चुकलं तर मात्र सगळी बातमी पहिल्यापासून. “त्या गावात माणसं राहतात,” एवढंच म्हणायच्या.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तीन छप्पनला भूकंप झाला, तेव्हा मी नैमित्तिक वृत्तनिवेदक होते, महिन्यातून ठरावीक ड्युट्या. दुसऱ्या दिवशी सकाळचं बुलेटिन माझ्याकडे आलं. घरचा फोन लागत नव्हता. टेलिप्रिंटरवर बातमी इंग्रजीतून येत होती आणि भाषांतर करणाऱ्यानं जसं दिसलं तसं लिहिलं होतं: होली, तालनी, मंगरुल. मी पेन घेतलं. होळी. तळणी. मंगरूळ. सास्तूर बरोबर होतं. मृतांच्या आकड्याची जागा दोनदा खोडलेली. त्या खोलीत ही गावं पाहिलेली मी एकटीच होते. होळी-सास्तूरच्या मुली माझ्या बाकावर बसायच्या. लाल दिवा लागला आणि मी दहा मिनिटं न अडखळता वाचलं.

लोकांना वाटतं, तेव्हा मन दगड केलं असेल. दगड वगैरे काही नाही. मला फक्त ‘ळ’ दिसत होता. दूर मुंबईत, सुरतेत कामाला गेलेला कुणी कानाला रेडिओ लावून बसला असेल, तर त्याला आपल्या गावाचं नाव नीट कळलं पाहिजे. माझा हुंदका त्याच्या काय कामाचा? हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आणि आजही मला ते चूक वाटत नाही.

पण आमच्या वर्गातला एक जण तेव्हा लातूरला बातमीदार होता. तो होळीत ढिगाऱ्यापाशी उभा होता आणि कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर माझा आवाज आला. महिन्याभरानं भेटला तेव्हा म्हणाला, “प्रार्थनेला वाचायचीस तशीच वाचलीस गं.” तो चिडून बोलला नव्हता, म्हणून जास्त लागलं. सत्तावीस वर्षांच्या मला तेव्हा स्वतःच्या न थरथरलेल्या आवाजाचा अभिमान होता, हे कबूल करते. बाहेर आल्यावर “छान वाचलंत” म्हणाले, तर मी “थँक यू” म्हटलं. त्या दिवशी. त्या मुलीला आज समोर बसवून विचारावंसं वाटतं. ती म्हणेल, मग काय रडायला हवं होतं? माझ्याकडे उत्तर नाही.

आणि एक गोष्ट मी कुठल्याच भाषणात सांगितली नाही. बुलेटिन लांबत होतं. वृत्तसंपादकांनी शेवटच्या क्षणी गावांच्या यादीतली एक ओळ कापली. कापायलाच हवी होती, वेळ काही थांबत नाही. त्या ओळीत राजेगाव होतं. मी पाहिलं. “दुसरी एखादी बातमी काढा” म्हणायला अर्धा मिनिट होता. मी कागद लावून घेतले आणि स्टुडिओत गेले.

दिवाळीनंतर बाईंना भेटायला गेले. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होत्या. आवाजाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. सगळी नावं बरोबर घेतलीस, म्हणाल्या. मग माझ्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवत म्हणाल्या, “राजेगाव राहिलं.”