बुजवलेलं भोक

गाडी देऊन झाली तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. मी मेकॅनिक, गाडी म्हणजे लिक्विड कूल्ड सिंगल सिलिंडर मोटरसायकल, सेकंडहँड घेतलेली, मालक तरुण पोरगा. आल्या आल्या म्हणाला, "दादा, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल असं सांगितलंय, तुम्ही एकदा बघता का?" हेड गॅस्केट म्हणजे सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग. ऑइलच्या काचेत पाहिलं तर आत दुधाळ फेस, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बाटलीतल्या खालच्या खुणेच्याही खाली आणि गाडीखाली मात्र एक थेंब नाही.

ऑइल दुधाळ दिसलं की हेड गॅस्केटचं नाव घेऊन मोकळं व्हायचं, ही आमच्या धंद्यातली फार वाईट सवय आहे. गॅस्केट जातं, नाही असं नाही, पण अंदाज बांधायला हेड उतरवावं लागत नाही. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू केली, बुडबुडे नाहीत. प्लग काढला, कोरडा आणि नेहमीसारखा तपकिरी. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून हवा भरली तरी रेडिएटरमधलं पाणी शांत. मग प्रेशर टेस्टर लावला, झाकणावर 1.1 लिहिलेलं होतं म्हणून तेवढ्याच बारपर्यंत पंप मारला आणि बघत बसलो, तर काटा हळूहळू खाली. बाहेर कुठे ओलसुद्धा नाही. म्हणजे कूलंट आतच जातंय, पण सिलिंडरमध्ये नाही.

इथे वॉटर पंप समजून घ्यावा लागतो. त्याच्या शाफ्टचं, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचं, एक टोक कूलंटमध्ये असतं, त्यावर इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा छोटा पंखा, आणि दुसरं टोक इंजिनाच्या ऑइलमध्ये. मध्ये दोन सील. पाण्याच्या बाजूला मेकॅनिकल सील, म्हणजे कार्बनची एक गुळगुळीत कडी सिरॅमिकच्या कडीवर स्प्रिंगने दाबलेली, आणि ऑइलच्या बाजूला साधं ऑइल सील. या दोघांमध्ये थोडी मोकळी जागा सोडलेली असते आणि तिथून खाली बाहेर येणारं एक बारीक भोक. कूलंट थेंबायला लागलं तर मेकॅनिकल सील गेलं, ऑइल आलं तर ऑइल सील गेलं. ज्याने हे भोक ठेवलं त्याला मी मनापासून मानतो, कारण एक सील गेलं तरी दुसरीकडचं खराब होऊ नये याची सोय त्याने आधीच करून ठेवलीये.

तर पंपाच्या कव्हरखाली आरसा धरून ते भोक शोधलं, सापडेना. बोट फिरवलं तर तिथे छोटासा गुळगुळीत उंचवटा लागला. टोच्याने खरवडलं, वरून काळा रंग निघाला, अगदी कव्हरच्याच रंगासारखा, आणि त्याखाली राखाडी इपॉक्सी, तो दोन पुड्या कालवून लावतात तो. सगळा उकरून काढला, पुन्हा प्रेशर दिलं आणि काही सेकंदात भोकाच्या तोंडाशी हिरवा थेंब जमला, पडला, मागून दुसरा.

गळायला वाट नाही म्हटल्यावर ते कूलंट ऑइल सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी कडा, ढकलून इंजिनात जात होतं. जे बाहेर जमिनीवर सांडलं असतं ते बेअरिंगपर्यंत पोचत होतं.

पंप खोलला. मेकॅनिकल सीलच्या कार्बनला एका जागी टवका उडालेला, इम्पेलरवर तांबूस थर, म्हणजे कधीतरी नुसतं नळाचं पाणी भरलेलं. शाफ्टवर ऑइल सील जिथे घासतं तिथे नख फिरवलं तर अडकलं. अशा शाफ्टवर नवं सील बसवणं म्हणजे पुन्हा गळतीला आमंत्रण, म्हणून शाफ्टही बदलला. सील सुटं मिळत नाही, अख्खं कव्हरच घ्या, असं पार्टच्या दुकानात ऐकवलं, त्यावर माझं डोकं फिरलं होतं पण शेवटी दुसरीकडे मिळालं. मेकॅनिकल सील ठोकायचं नसतं, बाहेरच्या कडेवर बरोबर बसेल असं सॉकेट ठेवून सरळ दाबायचं, आणि कार्बनच्या तोंडाला ना बोट लावायचं ना ग्रीस. ऑइल सीलची स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. नवी ओ-रिंग, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, हवा काढली, टेस्टरचा काटा हलला नाही. ऑइल-फिल्टर टाकून गाडी गरम करायची, काढून टाकायचं, परत नवं भरायचं, काचेत स्वच्छ दिसेपर्यंत हेच केलं.

आता माझ्या डोक्यात काय फिरतंय ते. सील गेलेलं दिसलं आणि कुणी घाईत भोक बुजवलं, तर अडाणीपणा म्हणून सोडून देता येतं. पण रंग? रंग जुळवून लावायला वेळ काढावा लागतो. आधीच्या मालकाने केलं की त्याच्या मेकॅनिकने, विकण्याआधी की त्याच्याही आधी, मला सांगता येत नाही, आणि पोराने विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं. "म्हणजे मला फसवलं ना दादा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

क्लचच्या प्लेटा कूलंटमधल्या ग्लायकोलने फुगतात, त्या काढून बघितल्या, ठीक वाटल्या. ऑइलमध्ये चमकणारा कीस नव्हता. क्रँकचं बेअरिंग मात्र इंजिन फोडल्याशिवाय दिसत नाही, आणि नुसत्या संशयावर इंजिन फोडायला मी तयार नाही. म्हणून त्याला सांगितलंय, पुढचं ऑइल लवकर बदलायचं, जुनं फेकायचं नाही, मला आणून दाखवायचं, आणि खालून ठोकल्यासारखा आवाज आला तर गाडी तिथेच बंद करायची.