चोरखिसा

मे २०१९, पॅरिस, शुक्रवारची संध्याकाळ. ४१ जणांचा ग्रुप, मी त्यांची टूर मॅनेजर आणि आमच्या कोचच्या ड्रायव्हरचे तास संपलेले. आपल्या लोकांना हे पटतच नाही, पण तिकडे ड्रायव्हरला साधारणपणे रोज सलग ११ तास विश्रांती लागते, सगळं गाडीतल्या मशीनमध्ये रेकॉर्ड होतं, त्याने चावी काढली की विषय संपला. मग आयफेल टॉवर बघून मेट्रोने निघालो, बीर-हाकीम स्टेशन.

प्लॅटफॉर्मवर मी नेहमीसारखी छत्री वर करून ओरडले, "इथे पाकीटमार असतात, पासपोर्ट चेक करा!" सगळ्यांचे हात गेले, कुणाचा पोटावर, कुणाचा मागच्या खिशावर. सांगलीच्या काकांनी जॅकेटवर डाव्या बाजूला दोनदा थोपटलं. शेजारी तीन मुली होत्या, नीटनेटक्या, हातात नकाशा. आमच्याच डब्यात चढल्या आणि पुढच्या पासी स्टेशनला उतरल्या. त्याच्या पुढच्या स्टेशनला काकांच्या लक्षात आलं.

काकूंनी जॅकेटला आतून चोरखिसा शिवला होता, वर सेफ्टी पिन. दुपारी परफ्युमच्या दुकानात टॅक्स रिफंडसाठी पासपोर्ट काढला तेव्हा पिन निघाली ती परत लावायची राहिली. पण तो खिसा आठ दिवसांत मलासुद्धा दिसला नव्हता हो! त्या मुलींना काकांनीच दाखवला, आणि काकांना दाखवायला मी लावला.

पोलीस स्टेशनात दोन तास गेले. शनिवार-रविवार एम्बसीचं काउंटर बंद, म्हणजे सोमवार. पासपोर्टबरोबर शेंगेन व्हिसाही, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो, गेला आणि इमर्जन्सी सर्टिफिकेट म्हणजे फक्त भारतात परत जायचा कागद, त्यामुळे त्यांचं स्वित्झर्लंड तिथेच संपलं. फोटोची गंमत वेगळीच. तिथल्या बूथमध्ये ३५ बाय ४५ मिलिमीटरचे निघतात, आपल्या एम्बसीला तेव्हा २ बाय २ इंच लागायचे. म्हणून मी प्रत्येकाचे जादा फोटो आणि पासपोर्टची झेरॉक्स फाईलला घेऊनच फिरते, ऑफिसमधले हसतात, हसू देत.

ग्रुपमधले दोघं म्हणाले, "घ्या की बसमध्ये, बॉर्डरवर कोण बघतंय!" पुढच्या सीटसाठी रोज भांडणारे हेच. काकू मात्र म्हणाल्या, "पोरी तू जा, आमच्यापायी बाकीच्यांचा खोळंबा नको." आणि मी गेले, जावंच लागतं, ३९ जण बसमध्ये बसलेले. काकांना इंग्लिश जेमतेम, फ्रेंचचा तर प्रश्नच नाही. ऑफिसने एक लोकल माणूस दिला तो सोमवारी, शनिवार-रविवार दोघं हॉटेलच्या खोलीत खाकरे खात बसले.

टूर रिपोर्टमध्ये 'कारण' असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं, 'प्रवाशाचा निष्काळजीपणा'.

आता मी हे सगळं हॉटेलातच सांगते, प्लॅटफॉर्मवर चकार शब्द काढत नाही. पण तिथे मेट्रोचीच अनाउन्समेंट होते, पाकीटमारांपासून सावध राहा म्हणून, चार-पाच भाषांत, आणि परत सगळे हात आपापल्या खिशाकडे जातात. मी छत्री धरून उभी, बाकी कोण बघतंय ते बघत.