तुम्ही विचारलंत म्हणून : प्रोसेसर बदलला, मग तापत नाही का?

स्टाफरूममध्ये माझा लॅपटॉप उघडला की कुणीतरी विचारतंच. "सर, हा अजून चालतो?" चालतो म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. "प्रोसेसर बदललाय म्हणे तुम्ही. मग तापत नाही का? अकोल्यात?"

तापतो. किती तापू द्यायचा हे आधी ठरवलं आणि मग प्रोसेसर निवडला, एवढंच. बहुतेक जण याच्या उलट करतात.

लॅपटॉप म्हणजे लेनोवोचा थिंकपॅड टी४३०. २०१२ सालचं मॉडेल, मी घेतला तेव्हाच वापरून झालेला. आत आय फाइव्ह-३३२०एम हा प्रोसेसर होता, दोन कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग). धडे रेकॉर्ड करून मुलांना पाठवायचे म्हणजे व्हिडिओ लहान करावा लागतो, आणि तासाभराच्या व्हिडिओला हा पठ्ठ्या पावणेदोन तास घ्यायचा. एसएसडी (फायली साठवणारी वेगवान डिस्क) होती, रॅम (चालू कामाची मेमरी) १६ जीबी होती. (या दोन गोष्टी तुमच्याकडे नसतील तर प्रोसेसरचं नावही काढू नका. आधी त्या बसवा. निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच मिटतो.)

त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटमध्ये बसायचा. बाजूला एक छोटा स्क्रू असतो, चपट्या स्क्रूड्रायव्हरने अर्धा फेरा दिला की प्रोसेसर अलगद उचलता येतो. पुढे ही सोय गेली. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत असे सुटे प्रोसेसर मिळत, पाचव्या पिढीपासून लॅपटॉपचे सगळेच थेट बोर्डावर सॉल्डर केलेले, म्हणजे डाग देऊन पक्के बसवलेले. आणि नावाच्या शेवटी 'यू' असेल तर जुना असो की नवा, तो निघत नाही. सेटिंगमध्ये जाऊन नाव वाचा. 'यू' दिसला तर तुमच्यासाठी हा लेख इथेच संपला, फार तर शेवटचे दोन परिच्छेद वाचा.

आता उष्णतेकडे. लॅपटॉपमधला पंखा गारवा तयार करत नाही. मे महिन्यात दुपारी छताचा पंखा जे करतो तेच तो करतो, आहे ती हवा फिरवतो. म्हणजे प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा अमुक इतका गरम राहणार, आणि तो 'अमुक' साधारण वॅटच्या प्रमाणात वाढणार. मी डिसेंबरात मोजलं होतं. खोलीत २२ अंश, पूर्ण कामाला लावलेला ३५ वॅटचा प्रोसेसर ७८ वर. फरक ५६. हाच फरक घेऊन मे महिन्यात या. पत्र्याखालच्या माझ्या खोलीत ४० असेल तर प्रोसेसर ९६. माझ्या लॅपटॉपच्या, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या, या प्रोसेसरांची मर्यादा १०५ अंश. तिथे पोचला की तो जळत नाही, स्वतःच वेग कमी करून घेतो. म्हणजे माझ्या हातात ९ अंश उरले. पंख्यात थोडा बुरा साचला, प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग (हीटसिंक) यांच्यामधली पेस्ट सुकली, की तेही गेले.

माझ्या मित्राने त्याच मॉडेलमध्ये आय सेव्हन-३७४०क्यूएम टाकला. चार कोअर, ३.७ गिगाहर्ट्झपर्यंत धावणारा, पण ४५ वॅटचा. तोच हिशोब लावा, ५६ चे ७२ होतात. हिवाळ्यात २२ अधिक ७२ म्हणजे ९४, मजेत चालला. मे महिन्यात ४० अधिक ७२, ११२. मर्यादेच्या पलीकडे. मग तो प्रोसेसर दुपारभर स्वतःचाच वेग कापत बसायचा, आणि पंखा असा घोंघावायचा की शेजारच्या खोलीतून विचारणा व्हायची.

म्हणून मी आय सेव्हन-३६३२क्यूएम शोधला. हाही चार कोअरचा, पण ३५ वॅटचा, म्हणजे जुन्या दोन कोअरवाल्याइतकाच. सिलिकॉनचा तुकडा मात्र मोठा, त्यामुळे तेवढीच उष्णता जास्त जागेवर पसरते. शोधायला वेळ लागला, कारण याच नावाचा सॉल्डर करायचा प्रकारही आहे. खाली पिना आहेत ना, फोटो पाठवा, असं विकणाऱ्याला दोनदा सांगावं लागलं. खाली बारीक गोळ्या दिसल्या तर घेऊ नका.

मिळालं काय? व्हिडिओचा वेळ पावणेदोन तासांवरून तासाभरावर आला. बाकी काही नाही. ब्राउझर तसाच, वर्ड तसंच. याचं कारण कागदावरच आहे : एकाच कोअरवरच्या कामात जुना ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जायचा, नवा ३.२ पर्यंत जातो. खरं तर कणभर मागेच. सगळे कोअर राबवणारं काम तुमच्याकडे नसेल तर हा खर्च हौसेचा, आणि हौसेला माझी ना नाही.

बसवताना मी घोळ घातला तो सांगतो. आधी बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट केला, बॅटरी काढली, कीबोर्ड काढला, हीटसिंक सोडवला, इथवर ठीक. हीटसिंकच्या जाळीवर आतल्या बाजूने गोधडीसारखा थर होता, चिमटीने धरून सलग निघाला. जुनी पेस्ट खडूसारखी झालेली, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. या प्रोसेसरांवर धातूचं झाकण नसतं, सिलिकॉन उघडंच असतं, त्यामुळे हीटसिंकचा एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर कोपरा टवकतो. कर्णावरचे समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. हे सगळं जपून केलं, लॅपटॉप मिटवला, चालू केला, आणि पडद्यावर 'फॅन एरर'. लगेच बंद. घामच फुटला. पंख्याची वायरच जोडायची राहिली होती! पुन्हा सगळं खोललं.

दुसरी चूक चार्जरची. ६५ वॅटचा होता तोच वापरत राहिलो आणि बॅटरी चार्ज होताना लॅपटॉप का रेंगाळतो याचा आठवडाभर विचार करत बसलो. ९० वॅटचा आणला, विषय संपला.

उन्हाळ्यात मी एक साधी युक्ती करतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करतो. त्या एका टक्क्याने टर्बो, म्हणजे गरजेपुरता वाढणारा जादा वेग, बंद होतो, प्रोसेसर आपल्या मूळ २.२ गिगाहर्ट्झवर राहतो, आणि पारा चांगला उतरतो. व्होल्टेज कमी करण्याच्या युक्त्या तुम्ही वाचल्या असतील, त्या पुढच्या पिढीपासून लागू पडतात, या पिढीला नाही. आणि लॅपटॉप गादीवर ठेवायचा नाही. हे आई सांगायची ते वेगळ्या कारणासाठी, पण बरोबर होतं.

कूलरबद्दलही विचारतात. आमच्याकडची हवा कोरडी, म्हणून कूलर खोलीचं तापमान खरोखर उतरवतो, आणि वरच्या हिशोबात खोलीचा प्रत्येक उतरलेला अंश प्रोसेसरलाही मिळतो. पण अगदी तोंडाशी ठेवू नका. तुषार उडतात, आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार आमच्या कूलरच्या जाळीचं काय करतो ते तुम्ही पाहिलेलंच आहे. मी भिंतीच्या कडेला बसतो, हवा येते, पाणी येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मराठीच्या मॅडमनी त्यांचा लॅपटॉप आणून दिला. "सर, तुमच्यासारखा प्रोसेसर घालून द्या, फार तापतो आणि मध्येच अडकतो." नाव पाहिलं, शेवटी 'यू'. बदलण्याचा प्रश्नच नव्हता. उघडला, पंख्यामागचा बुरा काढला, नवी पेस्ट लावली, तासाभरात परत दिला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या सगळ्यांना सांगत होत्या की सरांनी प्रोसेसर बदलून दिला, आणि पैसेसुद्धा घेतले नाहीत. मी चार वेळा म्हटलं की फक्त धूळ काढली. कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून विचारणारे वाढलेत.