भजनाच्या कॅसेटी संगणकावर घेताना

आमच्या भजन मंडळाच्या जुन्या कॅसेटी यंदा डिजिटल करायला घेतल्या. गुरुकुंज मोझरी इथून जवळ, त्यामुळे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आमच्या पंचक्रोशीत घरोघरी. कॅसेटींत गाणारे बरेच जण आता नाहीत, म्हणून घाई.

फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद. अर्ध्यात ए बाजू, अर्ध्यात बी. सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. फितीवरचा आवाज वाचणारं हेड जरासं तिरकं असलं तरी आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात. डेकचा बेल्ट बदलला, हेड आणि फीत पुढे ओढणारा पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले. मग हेडचा स्क्रू केसभर फिरवत राहिलो, खंजिरीच्या पितळी चकत्या खणखणीत वाजेपर्यंत. कॅसेटी वेगवेगळ्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या, त्यामुळे हे दर कॅसेटला करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण सगळा फरक इथेच पडतो. कॅसेटचा आवाज दबकाच असतो म्हणणाऱ्यांनी एकदा करून पाहावं.

पुढचं सोपं. डेकच्या लाइन आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेस, तिथून लॅपटॉपवर ऑडासिटी हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम. कोरस चढला तरी पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ दिली नाही; शून्याला आवाज फाटतो.

मग मंडळाला देवळात बसवलं. आवाजाची पातळी सारखी ठेवून, काय लावलंय ते न सांगता, कधी कॅसेट लावली, कधी वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेली डिजिटल प्रत. कुणालाच खात्रीनं ओळखता येईना. मला ते पटलं. फाइलमध्ये सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतले की २२,०५० हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि आमच्या साध्या फितीवर तेवढं मुळात नाहीच. फितीची ऊब आणि सुसकारा, दोन्ही जसेच्या तसे फाइलमध्ये उतरले होते.

त्यानंतर व्हॉट्सॲपवर पाठवायला काढलेली ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ किलोबिट) एमपीथ्री लावली. खंजिरी वाजवणारे आजोबा लगेच म्हणाले, "थाप बरोबर हाये, पण चकत्या पाण्यात पडल्यावानी वाजून रायल्या." अगदी नेमकं! एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे पाडून दाबते. बिट कमी पडले की तीक्ष्ण ठोक्याचा गोंगाट ठोक्याच्या आधीही पसरतो, आणि खंजिरी म्हणजे नुसते ठोकेच. माझ्या मते भांडण ॲनालॉग-डिजिटलचं नाही, दाबून लहान केलेल्या फाइलचं आहे.

आता वेव्ह दोन हार्डडिस्कवर ठेवतो, वाटायला २५६ केबीपीएसची प्रत काढतो. मूळ कॅसेटी पत्र्याखालून काढून आतल्या खोलीतल्या कपाटात उभ्या ठेवल्यात. आमचा ४५ अंशांचा उन्हाळा फितीला सोसत नाही.