घडी मोडली: कपाटाची नऊ महिन्यांची नोंद

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी हातात घेतलेलं कपाट आवरायचं काम मार्गशीर्षापर्यंत येऊन पोचलंय. आजचा हिशेब असा: साड्या ५८ होत्या, आता ४१ आहेत. कुर्ते ३४ होते, आता १९ आहेत. आणि त्या ४१ साड्यांपैकी ३६ साड्यांची घडी या नऊ महिन्यांत निदान एकदा मोडली. कमी किती झाल्या याच्यापेक्षा मला या ३६ चा आनंद जास्त आहे.

नवी साडी पहिल्यांदा नेसली की आपण म्हणतो, घडी मोडली. मी आता प्रत्येकच साडीला तो शब्द लावते. वर्षभर नेसली नसेल तर ती पुन्हा घडीतच आहे, असं धरते. त्याला कारण आहे.

सासूबाईंनी लग्नात मला एक चंदेरी दिली होती. मोतिया रंग, बारीक सोनेरी बुट्टे, बोटभर काठ. दोनदा नेसली आणि मग ‘चांगल्या प्रसंगाला असू दे’ म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून मधल्या खणात ठेवली, ती अकरा वर्षं तिथेच. या माघात भाचीच्या साखरपुड्याला काढली. निऱ्या घालताना चर्र असा आवाज आला. बरोबर घडीच्या रेषेवर, पट्टी ठेवून कापल्यासारखी वीतभर उभी चीर. पलंगावर पसरून पाहिली तर त्याच रेषेवर आणखी चार ठिकाणी धागे विरलेले, बाकी साडी नवी करकरीत. सासूबाई शेजारी बसून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, “अगं, नेसून नेसून फाटली असती तर काही वाटलं नसतं. ही न नेसता फाटली.”

मग मी चंदेरीबद्दल मिळेल तिथून विचारून घेतलं. या साडीच्या रेशमी धाग्याचा चीक, म्हणजे रेशमाच्या कोशातला नैसर्गिक डिंक, काढून टाकत नाहीत. तिची ती झळाळी आणि आरपार दिसणारं अंग त्यामुळेच येतं. पण चीक असलेला धागा कडक राहतो, आणि कडक धागा वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी दुमडलेला राहिला की तिथेच तुटतो. वरून इंदूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, आणि आमचं लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून. दुपारी चार वाजता दाराला हात लावला तर चटका बसायचा. पहिलं काम मी हे केलं की कपाट त्या भिंतीवरून हलवून आतल्या खोलीत आणलं. चार माणसं लागली. ते करायचं असेल तर आधी करा, कपडे लावून झाल्यावर नाही.

सुरुवात रंगपंचमीनंतर केली कारण तेव्हा आमच्याकडे तसंही सगळं बाहेर निघतं. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उधळत जाणारी मिरवणूक, पाहायला जायचं तर अंगावरचे कपडे परत वापरता येतील ही आशा सोडूनच निघावं लागतं, त्यामुळे इंदुरात घरोघरी ‘गेरचे कपडे’ म्हणून एक गाठोडं असतं. आमच्या रामबागेतल्या घरात माणसं चार आणि गाठोड्यात कपडे सव्वीस. दरवर्षी थोडी भर, काढत कुणीच नाही. प्रत्येकाचा एक जोड ठेवला, बाकीच्यांची पायपुसणी आणि गाडी पुसायची फडकी झाली. पहिल्याच दिवशी एक अख्खा खण मोकळा झाला आणि मला हुरूप आला.

आता चिठ्ठ्यांबद्दल, कारण बाकी सगळं त्यांच्यावर उभं आहे. वाचनालयाच्या पुस्तकात मागच्या बाजूला तारखांचा कागद चिकटवलेला असायचा, आठवतो? कुठलं पुस्तक लोक नेतात आणि कुठलं वर्षानुवर्षं फडताळात बसून आहे, ते त्या कागदावर एका नजरेत कळायचं. तसाच दोन बोटं रुंद कागद मी प्रत्येक साडीच्या ब्लाऊजच्या घडीत ठेवला. नेसली की रात्री तारीख लिहायची. पेन्सिलनेच, कारण पेनची शाई दमट हवेत उतरते. आणि चिठ्ठी साडीत नाही, ब्लाऊजमध्ये, म्हणजे जरीला कागद लागत नाही.

आषाढी एकादशीला पहिली मोजणी केली. ५८ पैकी ३१ चिठ्ठ्या कोऱ्या. मला वाटलं होतं या एकतीस मला आवडत नसतील. एकेक हातात घेऊन विचार केला तेव्हा वेगळंच निघालं. १२ साड्यांचं ब्लाऊज बसत नव्हतं. ६ जणींचा फॉल उसवलेला. ४ साड्यांना रंगाचा परकर नव्हता. खरोखर नकोशा फक्त ९. म्हणजे बावीस साड्या मला हव्या होत्या आणि त्या कुठल्या तरी दोन तासांच्या कामासाठी अडून बसल्या होत्या!

श्रावण मग पूर्णपणे दुरुस्तीचा. फॉल मी घरी लावते, हात शिलाईने, टाका काठाच्या उलट्या बाजूला जेमतेम एक धागा उचलेल इतकाच. ब्लाऊजचं सगळं शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, किती ठेवली आहे त्याच्यावर असतं. जुन्या शिंप्यांनी दोन्ही कडांना चांगली इंच-इंच माया ठेवलेली. उसवलं की ब्लाऊज आपोआप मोठं. गेल्या पाच-सहा वर्षांत शिवलेल्या ब्लाऊजमध्ये मात्र अर्धं बोटसुद्धा नाही. बारापैकी सात ब्लाऊज मायेवर निभावले. उरलेल्या पाचांसाठी एक काळं, एक मोतिया आणि एक मरून अशी तीन साधी सुती ब्लाऊज शिवून घेतली, ‘माया दीड इंच’ असं शिंप्याच्या वहीत माझ्यासमोर लिहून घेऊन. मरून तर आता नऊ साड्यांवर चालतं.

आता लाडक्यांविषयी. चिठ्ठ्यांनी पहिला नंबर दिला तो कैरीच्या रंगाच्या महेश्वरीला, १७ तारखा. मी शाळेत शिकवते, दिवसाचे पाच तास उभी असते, आणि अंगावरचं कापड कसं वागतं ते दुपारच्या सुट्टीनंतर खरं कळतं. हिचा उभा धागा रेशमी आणि आडवा सुती. त्यामुळे निरी सुतीसारखी धरून राहते आणि पदर मात्र रेशमी साडीसारखा हलका पडतो. काठावर चटईची वीण आहे, अगदी जवळून पाहिली तर एकमेकांत अडकवलेल्या बारीक आडव्या-उभ्या रेघा, मरून आणि सोनेरी. आठ वर्षं धुऊन धुऊन अंगाचा हिरवा थोडा फिका झालाय पण काठ अजून तसाच. खडूची पूड झटकली की जाते.

महेश्वर आमच्यापासून ९०-९५ किलोमीटर. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केलं, राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला नेली आणि तिथे विणकर वसवले, हे आम्हा इंदूरच्या मुलांना शाळेत जाण्याआधीच पाठ असतं. पण कपाट लावताना त्या विणकामातली एक गोष्ट मला नव्याने उमगली. महेश्वरीची बुगडी किनार दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, साडीला उलट-सुलट नाही. म्हणजे खांद्यावर पदराची एक बाजू उन्हाने उतरली की साडी उलटून नेसायची. मी महेश्वरीची चिठ्ठी आता दोन रकान्यांची केली आहे, प्रत्येक बाजूला एक, आणि आलटून पालटून नेसते.

कुर्त्यांत बाघ प्रिंटचा पांढऱ्यावर लाल-काळा छापील, २४ वेळा. धार जिल्ह्यातल्या बाघचं हे काम. तुरटीच्या छापावर चढणारा लाल आणि लोखंडाच्या गंजापासूनचा काळा. उरलेल्या कापडाचा उजवीकडे खिसा लावून घेतला होता, फोन मावेल इतका, आणि माझी खात्री आहे की निम्म्या तारखा त्या खिशाच्या आहेत. कोपरावर आता विरलाय. तिथे आतून पातळ मलमल लावून कांथा टाका, म्हणजे बारीक धावदोरा, घालायचं चाललंय.

मांडणीत एक गोष्ट मी चुकीची करून मग सुधारली. सगळ्यांनी सांगितलं म्हणून दोन डझन हँगर आणले आणि सगळे कुर्ते टांगले. हँगर १७ इंचांचा, आमच्या जुन्या कपाटाची आतली खोली १८. बाह्या दाराला घासायच्या, दार लावताना रोज दोन-तीन चिमटायच्या. हँगर घेण्याआधी टेप घेऊन कपाट आतून मोजा, निदान २२ इंच हवेत. आता टांगलेलं फारच थोडं, इस्त्री मोडणारे चार-पाच कुर्ते आणि हिवाळी जॅकेट. बाकी कुर्ते उभ्या घडीचे, चपलांच्या खोक्यांत, वाचनालयातल्या कार्डांसारखे एकामागे एक. वरून सगळ्यांची पाठ दिसते, एक ओढला तर दुसरा पडत नाही. जड जरीची साडी मात्र कधीच टांगू नका. स्वतःच्या वजनाने खाली ओढली जाते आणि रेष पुन्हा एकच, हँगरच्या दांडीची.

साड्या आधी दहा-दहाच्या थप्पीत असायच्या. थप्पीतली खालची साडी म्हणजे नसलेलीच साडी. आता त्याही उभ्या, दोन खणांत रांगेने. धुऊन आलेली उजव्या टोकाला ठेवायची, बस. न नेसलेली आपोआप डावीकडे सरकत जाते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यात डावीकडच्या दोन काढायच्या आणि त्या आठवड्यात नेसायच्याच. ३६ हा आकडा या एका नियमाचा आहे. आणि घडी बदलायची: एकदा चारपदरी केली तर पुढच्या वेळी तीनपदरी, म्हणजे दुमड तिथे पुन्हा येत नाही.

पावसाळ्यात एक फटका बसला. दोन सुती साड्या मे महिन्यात खळ घालून, कडक इस्त्री करून ठेवल्या होत्या, छान वाटतात म्हणून. ऑगस्टमध्ये काठाजवळ बारीक बारीक भोकं. कसर! खळ म्हणजे पिठूळ पदार्थ, कसरीला तेच हवं असतं. आता खळ नेसायच्या आदल्या दिवशी. ठेवताना साधं धुणं, पूर्ण वाळवणं, आणि इस्त्रीची ऊब निघून गेल्याशिवाय कपाटात नाही. डांबरगोळ्या मी बंद केल्या, वासाने सासूबाईंना खोकला येतो. वेखंडाचे तुकडे आणि लवंगा मलमलीच्या पुरचुंडीत, प्रत्येक खणात एक. जरीच्या साड्यांना प्लास्टिक नाही, वर्तमानपत्र नाही. जरीतली चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, आणि बंद पिशवीत दमटपणा कोंडला की ते लवकर होतं.

मग गुंडाळायचं कशात? आजेसासऱ्यांची नोकरी हुकुमचंद मिलमध्ये होती. १९९१ ला मिल बंद पडली, पण तिथल्या जाड सुती चादरी आमच्या ट्रंकेत राहिल्या, इतक्या वेळा धुतलेल्या की हाताला लोण्यासारख्या लागतात. त्यांच्या दीड-दीड हाताच्या चौकटी कापून कडा दुमडून घेतल्या. अशा १४ झाल्या. ज्या शहरात माणसं अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे, पाहायला रात्रभर जागतात, तिथे त्याच मिलचं कापड साड्या सांभाळतंय याचं मला फार समाधान आहे.

गेलेल्या १७ साड्यांपैकी ९ नणंद आणि भाची आवडीने घेऊन गेल्या, ३ गोधडीला ठेवल्या, ५ बोहारणीला. ती अजून दर पंधरवड्याला येते. तिने साड्या उन्हात धरून पाहिल्या, ‘ताई, ये तो झिरझिरी हो गई’ म्हणून दोन परत केल्या, बऱ्याच बोलाचालीनंतर घेतल्या आणि एक झाकणाचा डबा दिला. कुर्ते मात्र एकाच दमात घेतले.

फाटलेली चंदेरी या हिशेबात नाही. पदराकडचा सव्वादोन मीटर भाग धड होता. त्याला कडेने हातशिलाई करून ओढणी केली. पांढऱ्या कुर्त्यावर घेते. चिठ्ठीवर ७ तारखा आहेत, त्यातली एक सासूबाईंच्या अक्षरात, कारण त्या दिवशी त्यांनी ती नातेवाइकांकडे जाताना अंगावर घेतली होती.

राहिलेल्या पाच साड्या अजून घडीत आहेत. दोन लग्नाचे शालू, एक नऊवारी जी नेसवायला मला सासूबाईच लागतील, एक पैठणी. पाचवी काळी महेश्वरी, लाल काठाची. दरवर्षी संक्रांतीलाच निघते आणि त्या दिवशी हळदीकुंकवाला सगळ्याच काळ्या असतात. ती मी काल काढून खिडकीत सावलीत वाऱ्यावर टाकली, परकर जुळवला, मरून ब्लाऊज बसतं का पाहिलं. बसतं. येत्या शुक्रवारी शाळेत नेसून जाते आहे.